बिब्ब्याचा डाग

इनेसला हाक ऐकू येत नाही, हे सगळ्यात आधी कळलं ते आरोहीला.

वसुबारसेची सकाळ होती. तीन वर्षांची आरोही माडीवरच्या खोलीच्या दारात उभी राहून "इनी, इनी" करत होती आणि इनी खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. डोळे उघडे, चांगली जागी. पण वळेना. शेवटी पोरीने आत जाऊन तिचा सदरा ओढला तेव्हा ती अशी काही दचकली की आरोही घाबरून जिना उतरून खाली आली आणि आईच्या पाठीला चिकटली. इनी माझ्यावर रागावली, बोलतच नाही, अशी तिची तक्रार.

सृष्टी चकलीचं पीठ मळत होती. ताप आहे ना तिला, झोपेत असेल, असं तिने लेकीला समजावलं. पण तिचा हात पिठात तसाच राहिला. ताप आलेलं माणूस ग्लानीत असतं, बरळतं, कण्हतं. जागं असून हाक ऐकत नाही, असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

इनेस कोलंबियाची. चांद्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला मोठ्या घरच्या मुलांची एक निवासी शाळा आहे, तिथे ती जूनपासून स्पॅनिश शिकवायची. शाळेत राहायला जागा उरली नव्हती, म्हणून तिथल्याच माणसाने तिला कैलासच्या माडीवरची खोली दाखवली. कैलास म्हणजे सृष्टीचा नवरा. चांद्यात आता भाताच्या बरोबरीने खोल्यांचं पीक निघतं, पण आजवर आले ते कंपनीत जाणारे नागपूर-लातूरकडचे पोरगे. परदेशातली बाई ही पहिलीच. कैलासच्या आईने, तुळजाबाईने, पहिल्या दिवशी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सुनेला विचारलं, "एवढ्या लांबनं एकलीच आली? हिला घरी कुणी इचारणारं हाय का न्हाई?"

होतं. आई होती आणि सहा वर्षांचा मुलगा होता, मातेओ. नवऱ्याचं तिने सांगितलं नाही आणि सृष्टीने विचारलं नाही. एक वर्ष शिकवून मे महिन्यात परत येते, असं मुलाला सांगून ती निघाली होती. आली त्याच आठवड्यात तिने आरोहीला उचललं आणि तिच्या केसांत नाक खुपसून किती तरी वेळ तशीच उभी राहिली. पोरीच्या डोक्याला तेलाचा आणि उन्हाचा वास येत होता. सृष्टी बघत होती. त्यानंतर तिला ही बाई परकी अशी वाटलीच नाही.

सृष्टीचं इंग्रजी कॉलेजातलं, लग्नानंतर गंज चढलेलं. इनेसमुळे ते पुन्हा कामाला लागलं. किराणा, गॅस, एसटीची वेळ, सगळीकडे इनेसचं तोंड म्हणजे सृष्टी. तुळजाबाईला भाषेची अडचण पडलीच नाही. ती आपली मराठीतून बोलायची, इनेस आपली मान हलवायची, आणि दोघींचं उत्तम चालायचं.

हळवं, लवकर पिकणारं भात कापायला आलं तेव्हा इनेसला सुटी होती. ओढ्याकाठच्या खाचरात सगळे कापणीला गेले, तीही गेली. विळा तिच्या हाती कुणी दिला नाही. मग ती बांधावरच्या दाट गवतात आरोहीला मांडीवर घेऊन बसली, जेवण होईपर्यंत बसली. तिला तिच्या भाषेतलं कसलंसं गाणं शिकवत होती. आरोही चुकीचं म्हणायची आणि दोघी हसायच्या. सृष्टीने फोटो काढला. फोटोत दोघी गवतात कंबरेपर्यंत बुडालेल्या होत्या.

त्यानंतर काही दिवसांनी इनेसची कंबर धरली. अंग मोडून आलं. थंडी वाजते म्हणाली, आणि चांद्यात त्या दुपारी माणसं घामाने भिजलेली. तुळजाबाई म्हणाली, बांधावर ओलीत बसली, वारा धरला, बिब्बा घालू. सृष्टीने इनेसला समजावून सांगायचा प्रयत्न केला की हे एक फळ असतं, दिव्यावर तापवून त्याचं तेल सुईच्या टोकाने लावतात, थोडं चुरचुरेल. इनेसने तुळजाबाईकडे बघितलं. म्हणाली, माझी आजी मुंग्यांचं काहीतरी लावायची, लाव.

"मिरची सोसत न्हाई ह्या पोरीला, बिब्बा काय सोसंल," असं म्हणत तुळजाबाई खाटेच्या कडेला बसली. इनेस पालथी झोपली. सृष्टीने दिवा धरला. कमरेवर मणक्याच्या दोन्ही बाजूंनी काळे ठिपके उमटले. इनेस "आय आय" करत हसत होती. अंग तापलेलं होतं, पण दिव्याची धग असेल असं सृष्टीला वाटलं.

रात्रभरात ताप असा चढला की सकाळी कैलासने जीप काढली आणि सृष्टी-तुळजाबाईला बरोबर घेऊन तिला घोटावड्याला जयसिंग डॉक्टरांकडे नेलं.

जयसिंग डॉक्टर म्हणजे त्या पट्ट्यातला जुना आणि खात्रीचा माणूस. बाहेर बाकांवर तापाचीच माणसं बसलेली, डेंगीचे दिवस होते. सगळ्यांनी सरकून इनेसला जागा दिली आणि मग मोकळेपणाने तिच्याकडे टक लावून बघितलं. आत डॉक्टरांनी सुरुवात इंग्रजीत केली. त्यांचं इंग्रजी तिला कळेना, तिचं त्यांना. दोन प्रश्नांनंतर ते सृष्टीकडे वळले आणि मराठीत बोलू लागले, आणि त्यापुढे इनेसशी कुणी बोललंच नाही. ताप तिचा, पोट तिचं, जीभ तिने बाहेर काढलेली, आणि बोलणं चाललेलं तिच्या डोक्यावरून. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मधेच तिने सृष्टीचं मनगट धरलं. हात भाजत होता.

डॉक्टरांनी तपासताना सदरा थोडा वर सरकवला, तशी कंबर दिसली.

"हे काय?"

"बिब्बा हाय," तुळजाबाई म्हणाली. "कंबर धरली हुती तिची."

"तुमचं सगळं करून झालं की मग मी," डॉक्टर हसले. मग इनेसला सरळ निजवून पोट दाबताना त्यांचं बोट ओटीपोटाच्या कडेला, नाडी बांधतात तिथे थांबलं. "आणि हा? हाही बिब्बाच का?"

"व्हय, समदा बिब्बाच त्यो."

सृष्टीने बघितलं. काळा ठिपका होता. तिनेही मान हलवली. डॉक्टरांनी पुढे तपासलं.

ते काय विचारत होते, असं इनेसने जीपमध्ये बसल्यावर विचारलं. काही नाही, सासूबाईंची चेष्टा करत होते, असं सृष्टीने सांगितलं. खरंच तेवढंच झालं होतं, असं तिला त्या वेळी वाटत होतं.

रक्ताच्या तपासणीत डेंगी निघाला नाही. प्लेटलेट कमी होत्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, की ताप राहिला तर परत या, आणि धाप लागली तर माझ्याकडे वेळ घालवू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. शाळेला दिवाळीची सुटी लागली होती. तिथल्या बाईंना सृष्टीने फोन केला तर त्या गावी पोचलेल्या. काळजी घ्या, काही लागलं तर कळवा, म्हणाल्या. बाकीचे परदेशी शिक्षक केरळात फिरायला गेलेले. आता इनेसचं जे काही होतं ते ह्या घरात होतं.

गोळ्यांनी ताप उतरे आणि पुन्हा चढे. इनेसला डोकं उशीवरून उचलवेना. कोरडा खोकला सुरू झाला. सृष्टी आरोहीला झोपवून मऊ भात घेऊन वर जायची. इनेस दोन घास घ्यायची आणि तिसऱ्याला हात धरायची. खिडकीतून शेजारच्या कोंडाजीचं अंगण दिसे. कोंडाजीची सून नलिनी गेल्या वर्षी ह्याच दिवसांत तापाने गेली होती. तिलाही डेंगी निघाला नव्हता. भात कापून घरी आली, अंथरूण धरलं, आणि दिवाळीआधीच संपलं. ह्या वर्षी त्यांच्या ओसरीवर पुन्हा आकाशकंदील लागला होता. सृष्टीने खिडकी लावून घेतली.

वसुबारसेला आरोही जे बोलली, त्याचा अर्थ धनत्रयोदशीला सृष्टीला कळला. मातेओचा फोन आला होता. इनेसने पदरासारखी ओढणी गळ्यापर्यंत घेतली, केस मागे सारले, आणि सृष्टीला फोन समोर धरायला लावला. पडद्यावर दात पडलेलं एक पोरगं भराभरा काहीतरी सांगत होतं. इनेस हसत होती, मान हलवत होती. मग पोरगं थांबलं. त्याने पुन्हा तेच म्हटलं, शेवटी आवाज चढवून, असं की प्रश्न विचारतंय हे भाषा न कळताही सृष्टीला कळलं. आणि इनेस नुसती हसत राहिली. मान हलवत राहिली. पोराचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

फोन बंद झाल्यावर सृष्टी तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने हलकेच हाक मारली. मग मोठ्याने मारली. इनेस पडद्याकडेच बघत होती, जो आता काळा झाला होता.

सृष्टीने समोर येऊन कानाला हात लावून विचारलं. इनेसच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती मोठ्या, बेसूर आवाजात म्हणाली की कानात सारखं पाणी वाहिल्यासारखं वाटतं. आईला सांगू नकोस. ती मातेओला सांगेल.

कैलासने जयसिंग डॉक्टरांना फोन लावला. ते दिवाळीसाठी साताऱ्याला गेले होते. अशक्तपणाने होतं, गोळ्यांनीही होतं, पण उद्या मोठ्या दवाखान्यात दाखवाच, असं ते म्हणाले. उद्या नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलेले. मोठ्या दवाखान्यात चौकशी केली तर कळलं, नेहमीचे डॉक्टर सुटीवर, तातडीचं असेल तर आणा. आता तातडीचं म्हणजे काय, हे कुणी ठरवायचं? सकाळी इनेसचा ताप थोडा उतरलेला होता. अभ्यंगाचं उटणं लावलेली आरोही वर जाऊन तिला दाखवून आली. तुळजाबाई म्हणाली, बघ, उतार पडला, उद्याच्याला जाऊ, आज सणाच्या दिवशी आजारी माणूस घराबाहेर काढू नये. आणि सृष्टीलाही, खरं सांगायचं तर, तेच हवं होतं. वाईट बातमी सणानंतर यावी असं कुणाला वाटत नाही?

दुपार कलली तसा ताप पुन्हा फणफणला. सृष्टी कोमट पाण्याचं पातेलं घेऊन वर गेली. अंग पुसायचं म्हणून तिने इनेसला कुशीवर वळवलं. कमरेवरचे बिब्ब्याचे डाग आता उतले होते. प्रत्येकाभोवती पाण्याचे बारीक फोड, साल सुटलेली, खाजवल्याचे ओरखडे. फडकं लागताच इनेस विव्हळली. सृष्टीने फुंकर घातली. मग तिला सरळ निजवलं आणि नाडीची गाठ सैल केली.

ओटीपोटाच्या कडेचा तो डाग तसाच होता. उतलेला नव्हता. गोल, कोरडा, विडीने पोळल्यासारखा काळा, आणि भोवती तांबडी कड. सृष्टीने भीत भीत बोट लावलं. इनेस विव्हळली नाही. तिला कळलंसुद्धा नाही.

सृष्टी त्या डागाकडे बघत राहिली. बिब्बा घातला त्या दिवशी इनेस पालथी होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पालथी. दिवा सृष्टीच्याच हातात होता. इनेसच्या पोटाला कुणाची सुई लागलीच नव्हती.

तिने जिन्यातून सासूला हाक मारली. तिचा आवाज असा निघाला की तुळजाबाई लक्ष्मीपुढचा चौरंग तसाच टाकून वर आली.

"आत्याबाई, हा तुम्ही घातला?"

तुळजाबाईने वाकून बघितलं. ओघळला असंल तेल, असं काहीतरी ती पुटपुटली. मग तिने डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा बघितलं, आणि खाटेच्या कडेवर हात टेकून खालीच बसली. खाली आरोही झाडूला हळद-कुंकू लावायचा हट्ट करत होती, तेवढंच ऐकू येत होतं.

"नलिनीच्या मानंवर असाच हुता," ती म्हणाली. "म्या आंघूळ घातली तिला, शेवटची. मला वाटलं चुलीची ठिणगी उडाली असंल."

इनेसची छाती भराभर वर-खाली होत होती. ओठ सुकून पांढरे पडले होते, आणि त्या पांढऱ्यात आता निळी छटा होती.

दिवेलागणीची वेळ. दारं उघडी टाकून, पणत्या लावून लक्ष्मीची वाट बघायची वेळ. तुळजाबाईच्या घरात ह्या वेळेला आजवर कुणी बाई उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. आरोहीच्या वेळचं सृष्टीचं बाळंतपण ह्याच दिवसांत होतं, तेव्हाही तिला पूजा होईपर्यंत थांबवलं होतं. आता सृष्टीने सासूकडे नुसतं बघितलं, विचारायचं धाडस झालं नाही. तुळजाबाई उठली. कैलासला हाक मारून म्हणाली, जीपवरचा हार काढ, मागची शीट आडवी कर. मग तिने स्वतः इनेसचे पाय उचलले. जिन्यावरून उतरताना इनेसचा हात लोंबत होता, तो आरोहीने धरला.

"लक्ष्मी काय, बसंल जरा वाट बघत," तुळजाबाई म्हणाली. "जावा तुमी. पोरीला मी बघते."

हिंजवडीच्या बाजूला जाणारा रस्ता त्या वेळी कधी नसतो इतका मोकळा होता. दोन्हीकडच्या सोसायट्यांवर दिव्यांच्या माळा. फटाक्यांचा एवढा दणदणाट, की कैलासने काच वर केली. सृष्टीच्या मांडीवर डोकं ठेवलेल्या इनेसची पापणीही हलत नव्हती. बॉम्ब अगदी चाकाशेजारी फुटला, तेव्हाही नाही.

दवाखान्यात त्या संध्याकाळी डॉक्टर गौतमी म्हणून एक तरुण बाई होत्या. सृष्टीने ताप सांगितला नाही, खोकला सांगितला नाही. आधी तो डाग दाखवला. धाप लागल्यासारखी एका दमात म्हणाली, हा बिब्बा नाही, आम्ही सगळ्यांनी बिब्बा म्हणून सांगितलं, पण नाही. गौतमीबाईंनी बॅटरीच्या उजेडात बघितलं आणि नर्सला औषध आणायला पाठवलं. रक्ताचा निकाल यायच्या आधीच सुई लागली. मग सांगितलं. गवतात एक किडा असतो, डोळ्यांना दिसणारही नाही एवढा. चावतो, दुखत नाही, खाजत नाही, फक्त एवढी खपली ठेवून जातो. औषध साधं आहे, स्वस्त आहे, वेळेवर मिळालं तर दोन दिवसांत माणूस उठून बसतं.

"आणि वेळेवर नाही मिळालं तर?"

गौतमीबाई म्हणाल्या, "फुप्फुसात उतरलंय. आज काही सांगत नाही."

सृष्टी बाहेर बाकावर बसली. पाडव्याचा अख्खा दिवस बसली. कैलास घरी जाऊन डबा घेऊन यायचा, आरोही ठीक आहे, आजीपाशी खेळतेय, सांगायचा. इनेसचा फोन सृष्टीच्या पर्समध्ये होता, तो दोनदा वाजला. मातेओ. सृष्टीने उचलला नाही. त्याच्या भाषेत तिला फक्त ते आरोहीचं गाणं येत होतं, आणि तेही चुकीचं. शाळेच्या बाईंना तिने सगळं कळवलं. त्यांनी इनेसच्या आईला फोन केला. आता तिकडे एक म्हातारी एका पोरापासून काहीतरी लपवत असणार, हे सृष्टीला दिसत होतं.

पाडव्याच्या संध्याकाळी ताप उतरायला लागला. भाऊबीजेच्या सकाळी तिला आत सोडलं. इनेसने डोळे उघडले होते. नाकाला नळी होती, पण ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले होते. सृष्टीला बघून ती एवढ्या मोठ्याने "मातेओ?" म्हणाली की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. सृष्टीला हसू आलं आणि मग ते हसू तिला आवरेना, रडण्यात गेलं. गौतमीबाई म्हणाल्या, वाचली म्हणायला आता हरकत नाही. कान येतील हळूहळू, बहुतेक येतील. मग कागदावर काहीतरी टिपून घेत त्यांनी सहज विचारलं, "बसली कुठे होती ही? एकटीच होती का गवतात?"

"ओढ्याकाठी, आमच्या बांधावर," सृष्टी म्हणाली. "माझी मुलगी होती ना तिच्या मांडीवर."

आणि बोलून झाल्यावर तिने आपलंच वाक्य ऐकलं.

गौतमीबाई शांतपणे म्हणाल्या, की घाबरायचं कारण नाही, ताप नाही ना, मग झालं. पण घरी जाऊन अंग नीट बघा. काखेत, जांघेत, कानामागे. काही वेळा ताप उशिराही येतो.

कैलासने जीप कशी हाकली ते सृष्टीला आठवत नाही. अंगणात आरोही बसली होती, नवा फ्रॉक घालून, आत्याच्या मुलाला ओवाळायला आतुर. सृष्टीने तिला उचललं आणि पाणी न पिता, पाय न धुता, उजेडाच्या खिडकीशी नेऊन फ्रॉक उतरवला. पोरीला गुदगुल्या होत होत्या. सृष्टीने काखा बघितल्या. मान, पाठ, बेंबी, गुडघ्यांच्या मागच्या घड्या. बोटांच्या बेचक्या. अंग गरम होतं, पण उन्हात बसली होती पोर, कुणाचंही असतं. असतं ना? मग तिने डावीकडचे केस वर केले.

कानामागे काळा ठिपका होता. गोल.

आरोही काहीतरी बोलत होती, ते तिला लांबून ऐकू येत होतं. तिने पदराचं टोक तोंडात घालून ओलं केलं, आणि ते त्या ठिपक्याला लावायचं तिला होईना. आरोहीने मान वाकडी करून विचारलं, आई, काय झालं? तेव्हा तिने डोळे मिटले आणि अंगठ्याने पुसलं.

अंगठा काळा झाला. काजळ होतं.

"म्याच लावली तीट," दारातून तुळजाबाई म्हणाली. "नवा फ्रॉक घातला, लई गोड दिसत हुती."

सुनेने तिच्याकडे बघितलंही नाही. सृष्टीने तीट पुरती पुसून काढली, खालची कातडी दिसेपर्यंत, मग आरोहीला उजेडाकडे वळवलं आणि डोक्यापासून पुन्हा बघायला घेतलं.